सपाट काचेची शेगडी

वहिनींनी शेगडीची चारही बटणं एकेक करून फिरवून पाहिली. बटण आधी जरा दाबावं लागायचं, मग कट्ट आवाज होऊन ते सैल सुटायचं. चौथं बटण जागेवर आणून त्या दुकानातल्या माणसाकडे वळल्या आणि म्हणाल्या, "हीच द्या. दुसरं काही दाखवू नका."

"काकू, अजून तर दारातच आहोत आपण," तो हसला. श्रीनिवास बोद्दुल, असं नाव त्याच्या खिशावरच्या पट्टीवर होतं. तरतरीत, गोड बोलणारा.

"आम्हाला सगळे प्रकार बघायचेत," मी म्हणाले.

"बघ बाई," वहिनी म्हणाल्या. पण त्यांचा हात त्या चौथ्या बटणावरून निघाला नाही.

या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली. आम्ही तेव्हा सोलापुरात बाळीवेशीतल्या भाड्याच्या घरात राहत होतो आणि जुळे सोलापूर या नव्या वस्तीत तीन खोल्यांचा फ्लॅट घेतला होता. ओट्याचा काळा दगड बसला होता. शेगडी बसवायला त्यात भोक पाडायचं, म्हणून फरशीवाला माप मागत होता. सोमवारच्या आत हवं, नाहीतर मी दुसऱ्या कामावर जातो, असं त्यानं बजावलं होतं. म्हणून शनिवारी संध्याकाळी आम्ही तिघं निघालो. मी, माझे यजमान राजशेखर आणि महानंदावहिनी. वहिनी म्हणजे माझी थोरली जाऊ. थोरले दीर लग्नानंतर सातव्या वर्षी गेले. मूलबाळ नव्हतं. सासूबाई त्याच्याही आधी गेलेल्या. राजशेखर नऊ वर्षांचे असल्यापासून त्यांना वहिनींनीच जेवूखाऊ घालून वाढवलेलं. ते हायस्कुलात गणित शिकवायचे. चाळिशी ओलांडली तरी शाळेतून आल्यावर चपला काढायच्या आत ते विचारायचे, "वहिनी, काय केलंय?"

मला नाही विचारायचे. मी जिल्हा ग्रंथालयात नोकरी करायचे, त्यांच्या आधी अर्धा तास घरी आलेली असायचे, तरी नाही.

बोद्दुलनं आम्हाला आतल्या दालनात नेलं. तिथे ओट्यासारखे ओटे मांडले होते आणि प्रत्येकात एकेक शेगडी बसवलेली.

"ही तुमची गॅसची. ओट्यात बसते, वर काच, चार बर्नर. बटण फिरवलं की आपोआप पेटते, लायटर नको. ही पलीकडची इंडक्शन. जाळ नाही, धूर नाही. नुसतं बोट लावायचं." त्यानं काचेवर बोट टेकवलं. पीं असा आवाज झाला आणि काचेखाली लाल आकडे उमटले. "आणि ही मिश्र. दोन बर्नर गॅसचे, दोन इंडक्शनचे. हल्ली लोक हीच नेतात."

वहिनी पुढे झाल्या आणि इंडक्शनवर तळहात ठेवला. डावीकडून उजवीकडे नेला, मग वरून खाली. काच एकसंध होती. कुठं उंचवटा नाही, खाच नाही, कड नाही.

"यात बटणं कुठायत?"

"बटणं नाहीतच काकू. हे बघा ना, इथं लिहिलंय. अधिक, वजा, चालू, बंद."

"हां," वहिनी म्हणाल्या आणि हात मागे घेतला.

"मला ही आवडली," मी म्हणाले.

राजशेखर कौतुकानं आकडे बघत होते. "चांगली दिसतीय. पण वहिनी म्हणतील ते. मला काय कळतंय यातलं?"

"हिच्यावर भाकरी फुगायची नाही," वहिनी लगेच म्हणाल्या. "ज्वारीची भाकरी जाळावर टाकल्याशिवाय फुगते का? तूच सांग राजू."

"तव्यावर फडक्यानं दाबली की फुगते," मी म्हणाले. "ग्रंथालयातल्या बिराजदारबाई तशीच करतात."

"आणि वांगी? भरीत कशावर करायचं?"

"महिन्यातून एकदा होतं भरीत. त्याला ओव्हन आहे."

"लाईट गेल्यावर?"

"नवीन बिल्डिंगला जनरेटर आहे."

"माझी भांडी चालायची नाहीत. ॲल्युमिनियमचं एकही चालत नाही यावर. शेजारच्या कोरेबाईंनी सांगितलंय मला."

"नाहीतरी ती पोचे पडलेली भांडी नव्या घरात न्यायची नाहीत, असं आपलं ठरलंय ना?"

आपलं असं काही ठरलेलं नव्हतं. पण राजशेखरांना वाटलं, ठरलं असेल. बोद्दुल हातांची घडी घालून मजेत ऐकत होता. त्याच्या दुकानात असं रोज चालत असणार. दोन बायका, एक शेगडी. त्याला काय माहीत, की वहिनी जी कारणं देत होत्या त्यातलं एकही खरं कारण नव्हतं, आणि मी ती एकेक खोडत होते ती खरं कारण मला ठाऊक होतं म्हणून.

"अगं, पण त्यांना गॅसच हवाय तर घेऊ की गॅस," राजशेखर शेवटी म्हणाले. "रांधायचं त्यांना आहे."

तेव्हा मी महिनाभर सांभाळून ठेवलेली गोष्ट बाहेर काढली.

"तुम्हाला सांगणार नव्हते मी," मी म्हणाले. "वहिनींना वाईट वाटेल म्हणून. मागच्या महिन्यात दूध उतू जाऊन शेगडी विझली होती. बटण तसंच चालू. वहिनी शेजारीच भाजी चिरत बसल्या होत्या. मी दार उघडलं तर घरभर वास. तुमची लेक, सानिका, आतल्या खोलीत झोपली होती."

राजशेखरांचा चेहरा उतरला. "वहिनी? खरंय हे?"

वहिनींना ते खोटं म्हणता येत नव्हतं आणि खरं म्हणता येत नव्हतं. मग हळूच म्हणाल्या, "सर्दी झाली होती मला. वास नाही आला."

"वास नाही आला ते ठीक, पण जाळ विझलेला दिसला नाही?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. डोळे माझ्या चेहऱ्याच्या थोडे बाजूला, कानापाशी कुठेतरी स्थिरावले.

"नव्हतं लक्ष," त्या म्हणाल्या.

"मग इंडक्शनच," राजशेखर म्हणाले. "संपलं. मला घरात गॅसच नको आता."

इथं सगळं मिटलं असतं. पण बोद्दुल भला माणूस होता. त्याला वहिनींची दया आली असावी. तो कोपऱ्यातल्या एका ओट्याकडे गेला आणि म्हणाला, "साहेब, काकूंना बटणांची सवय आहे ना? मग ही बघा. इंडक्शनच आहे, जाळ नाही, गॅस नाही. पण चालवायला बटणं दिलीत. गोल, गॅससारखी. फिरवली की टकटक लागतं हाताला, किती वाढवलं ते कळतं."

वहिनी ज्या वेगानं तिकडे गेल्या, तो मी अजून विसरले नाही. वाटेतल्या ओट्याची कड त्यांच्या मांडीला जोरात लागली. त्या थांबल्या नाहीत. बटण सापडलं, फिरवलं. टक, टक, टक. त्यांचा चेहरा एकदम तरुण झाला.

"ही चालेल," त्या म्हणाल्या. "राजू, ही चालेल. गॅस नको म्हणतोस ना, मग ही घे."

"झालं तर मग!" राजशेखर सुटल्यासारखे हसले.

"ही नको," मी म्हणाले.

"का?"

"बटणांच्या भोवती खरकटं अडकतं. रोज मलाच घासावं लागणार. ती सपाट किती छान, एक फडकं मारलं की झालं. आणि नव्या घरात एवढी एक गोष्ट माझ्या मनासारखी होऊ दे ना हो. चौदा वर्षांत मी काय मागितलंय?"

हे शेवटचं वाक्य मी थोडा आवाज कापरा करून म्हणाले. राजशेखरांनी माझ्याकडे बघितलं, मग वहिनींकडे. चौदा वर्षांत मी खरंच काही मागितलं नव्हतं, हे त्यांच्या तेव्हाच ध्यानात आलं असावं.

वहिनी माझ्या जवळ आल्या. माझा दंड चाचपून धरला आणि बोद्दुलला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाल्या, "उमा, बटणांची घेऊ गं. मी घाशीन रोज. एवढं ऐक."

माझ्याकडे वहिनींनी त्याआधी कधी काही मागितलं नव्हतं. हुकूम करायच्या, टोकायच्या, हसायच्या. लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी केलेल्या पुरणपोळ्या त्यांनी पाहुण्यांच्या ताटातून उचलल्या आणि स्वतःच्या वाढल्या. "तुझ्या आपण खाऊ गं नंतर," असं सगळ्यांसमोर म्हणाल्या. नंतर त्या कुणी खाल्ल्या नाहीत. मी दुसऱ्या दिवशी गाईला घातल्या.

"सवय होते वहिनी," मी म्हणाले. "सानिकासुद्धा दोन दिवसांत शिकेल."

सपाट काचेच्या शेगडीचं माप बोद्दुलनं कागदावर लिहून दिलं.

मला दिवाळीपासून माहीत होतं. आधी नुसता संशय होता. जिन्यावर शेवटच्या पायरीला त्या पाऊल चाचपडायच्या. समोरून कोरेबाई आल्या तरी आवाज दिल्याशिवाय ओळखायच्या नाहीत. पण स्वयंपाकघरात मात्र काही कळायचं नाही. तिथलं सगळं त्यांच्या हातांना पाठ होतं. जाळ किती आहे ते त्या आवाजावरून ओळखायच्या, फोडणी वासावरून. मग एका दुपारी मी मिठाचा आणि साखरेचा डबा एकमेकांच्या जागी ठेवला. दोन्ही डबे सारखे, स्टीलचे. पण सानिकानं त्यांच्यावर मोठ्या अक्षरांत नावं लिहून चिकटवली होती. त्या संध्याकाळी तिच्या वाढदिवसाचा शिरा खारट झाला.

"वहिनी, लक्ष कुठंय?" राजशेखर हसत म्हणाले. सानिकाही हसली.

"डबे कुणी हलवले?" वहिनींनी विचारलं.

"कुणी नाही," मी म्हणाले. "नावं लिहिलीत की त्यांच्यावर."

दुसऱ्या दिवसापासून त्या प्रत्येक डब्यात बोट घालून जिभेला लावायला लागल्या. मी दारात उभी राहून बघायचे. मी तिथं आहे, हे त्यांना कळायचं नाही.

त्या का लपवत होत्या, तेही मला माहीत होतं. नवा फ्लॅट ठरला तेव्हा मी राजशेखरांना म्हटलं होतं, की सानिकाला अभ्यासाला स्वतंत्र खोली हवी, वहिनी आता थकल्या, त्यांनी मैंदर्गीला भावाकडे जाऊन आराम करावा. राजशेखरांनी विषय टाळायला म्हटलं, "त्यांचा हात चालतोय तोवर राहू दे. स्वयंपाक जमेनासा झाला की बघू." वहिनी पलीकडच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होत्या. घड्या घालायचा आवाज थांबलेला मी ऐकला होता.

तेव्हाच डॉक्टरकडे नेलं असतं तर? मी नेलं नाही. कुणाला सांगितलंही नाही. कळलेलं सगळं हाताशी ठेवलं.

गुढीपाडव्याला आम्ही नव्या घरात गेलो.

पहिल्या सकाळी वहिनी अंघोळ करून ओट्याशी आल्या. चहाचं भांडं ठेवलं. काचेवर बोट टेकवलं, काही झालं नाही. जरा सरकवून टेकवलं. पीं. पुन्हा टेकवलं, पीं, पीं. भांडं तापतंय की नाही ते बघायला त्यांनी कान खाली नेला. गॅसचा आवाज असतो. हिला आवाज नव्हता. तीन-चार मिनिटं त्या तशा वाकून उभ्या होत्या. मग मी पुढे होऊन बोट लावलं आणि म्हणाले, "अहो, बंदच आहे की. बसा तुम्ही, मी करते."

पण वहिनी हार मानणाऱ्यातल्या नव्हत्या. तिसऱ्या दिवशी मी घरी आले तर पोळ्या झालेल्या. वरण, भात, भेंडीची भाजी, सगळं तयार. राजशेखर जेवताना म्हणाले, "बघ, जमलं की नाही? उगीच घाबरत होत्या."

जेवणं झाल्यावर मी ओटा पुसायला गेले. काचेवर कणकेचे चार ठिपके होते, वाळून घट्ट झालेले. चालू, बंद, अधिक, वजा. अगदी नेमक्या जागांवर. कुणाकडून तरी, बहुतेक सानिकाकडून, त्यांनी जागा विचारून घेतल्या होत्या आणि ज्वारीच्या दाण्याएवढा एकेक ठिपका लावला होता.

मी फडकं ओलं केलं आणि पुसून टाकले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा ठिपके होते. मी पुन्हा पुसले. असं आठवडाभर चाललं. मग एके दिवशी माझ्या टिकल्यांचं पाकीट कपाटातून नाहीसं झालं. संध्याकाळी काचेवर चार टिकल्या होत्या. मरून रंगाच्या, मखमली, हाताला लागतील अशा. पंचवीस वर्षांत कपाळाला टिकली न लावलेल्या बाईनं त्या नीट ओळीत लावल्या होत्या.

वहिनी मागे टेबलाशी लसूण सोलत बसल्या होत्या. मी नखानं पहिली टिकली खरवडली. ती चिवट होती, काचेवर नखाचा आवाज झाला. लसूण सोलणारे हात थांबले. मी दुसरी काढली. तिसरी.

"उमा," त्या म्हणाल्या.

"काय वहिनी?"

"तुला माहितेय ना?"

"काय माहितेय?"

मी चौथी टिकली काढली, चारही चिकटवून एक गोळी केली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. काच कशी लख्ख झाली.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी वहिनींचा हात भाजला. मी मुद्दाम उशिरा उठले होते. त्यांनी दुधाचं पातेलं उतरवलं आणि बंद करायची जागा शोधत तळहात काचेवरून फिरवला. पातेल्याखालची काच किती तापते ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. किंचाळी ऐकून राजशेखर धावले. तळहाताची कातडी सोलून निघाली होती. तो हात नळाखाली धरताना त्यांनी वहिनींच्या तोंडाकडे पाहिलं. इतक्या जवळून ते बहुधा कित्येक वर्षांनी बघत होते.

"वहिनी, माझ्याकडे बघा. बघा माझ्याकडे." आणि मग, "अहो, तुम्हाला मी दिसत नाही?"

"दिसतोस की," वहिनी म्हणाल्या. "आवाज येतोय ना तुझा."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तासभर तपासलं. काचबिंदू, ते म्हणाले. डावा केव्हाच गेलाय. उजव्यात अगदी थोडं, नळीतून बघावं तेवढं उरलंय, तेही धूसर. थेंब घालत राहायचं, जे आहे ते टिकलं तर टिकलं.

"आधी आणलं असतं तर?" राजशेखरांनी विचारलं.

"चार-पाच महिन्यांपूर्वी आला असतात तर उजवा बऱ्यापैकी राखता आला असता. गेलेली नजर परत येत नाही, पण उरलेली राहते." डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

राजशेखरांनी दोन्ही हातांनी स्वतःच्या तोंडात मारून घेतलं. "माझंच लक्ष नव्हतं. यांच्या हातचं खात होतो आणि माझं लक्ष नव्हतं." भरल्या दवाखान्यात ते रडायला लागले. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "तुमचा काय दोष? त्यांनी कळू दिलं नाही, तर आपल्याला कसं कळणार?" असं मी म्हणाले.

वहिनी शेजारच्या खुर्चीवर बसल्या होत्या, भाजलेल्या हाताला पांढरी पट्टी, मान सरळ. त्यांनी सगळं ऐकलं.

बाहेर आल्यावर राजशेखरांनी आम्हाला रिक्षात बसवलं आणि ते रस्त्यापलीकडे औषधाच्या दुकानात गेले. तिथं गर्दी होती. रिक्षावाला उतरून पानाच्या टपरीशी उभा राहिला. मागच्या सीटवर आम्ही दोघीच.

"त्याला सांगू नकोस," वहिनी म्हणाल्या.

"काय?"

"तुला दिवाळीपासून माहीत होतं ते."

त्या समोर बघत होत्या, म्हणजे समोर तोंड करून बसल्या होत्या.

"मी सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "तूही सांगू नको. एखाद्या दिवशी जीव हलका करायला म्हणून सांगशील. त्याला कळलं तर तो तुला घरात ठेवायचा नाही. ओळखते मी त्याला. आणि मला आता दिसत नाही. मग त्याला दोन वेळचं करून कोण घालणार?"

रस्त्यावरून एक बस गेली. बोलताना त्यांच्या आवाजात राग नव्हता. घरात पीठ किती उरलंय ते सांगावं तसा तो आवाज होता.

"डाळीला हिंग जास्त घालतेस तू," त्या म्हणाल्या. "त्याला पोटात जळजळ होते त्यानं. निम्मं घालत जा. भाकरीचं पीठ गरम पाण्यात मळ. शिळी भाकरी दिली तर तो काही बोलणार नाही, पण खाणार नाही, दिवसभर उपाशी राहील. ऐकतेस ना?"

"हो," मी म्हणाले.

राजशेखर पिशवी घेऊन परत आले. डोळे सुजलेले. ते वहिनींच्या बाजूला बसले आणि त्यांचा पट्टी नसलेला हात त्यांनी आपल्या मांडीवर घेतला.

"काय बोलत होता दोघी?" त्यांनी विचारलं.

"स्वयंपाकाचं," वहिनी म्हणाल्या.